दोन नळ, एक बादली आणि उणे चौदा मीटर

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या स्क्रीनवर एका नोडचं प्रेशर उणे 14 मीटर आलं. नळाच्या कामात प्रेशर मीटरमध्ये मोजतात, म्हणजे ते पाणी किती उंच चढवेल तेवढे मीटर. नोड म्हणजे नकाशावरचा एक ठिपका, जिथे दोन-चार पाइप मिळतात आणि आजूबाजूच्या घरांची पाण्याची मागणी एकत्र करून लिहिलेली असते. हा ठिपका इंदूरमधल्या एका जुन्या वस्तीतल्या शेवटच्या गल्लीच्या टोकाला होता. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक उंच टाकी, तिच्याखाली चार गल्ल्या आणि एक दिवसाआड सकाळी तासभर पाणी, एवढाच माझा पसारा.

इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे पाणी आलं की लोक ‘नर्मदा आली’ म्हणतात. हे नुसतं लाडाचं बोलणं नाही. 1978 पासून नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून विंध्याचा चढ चढवून इथे आणलं जातं. अंतर साधारण 70 किलोमीटर, आणि नदीकाठ आणि इंदूर यांच्या उंचीतच चारशे मीटरहून जास्त फरक. इतकी वीज जाळून वर आणलेलं पाणी शेवटच्या पाचशे मीटरमध्ये कुणाच्या अंगणातून गटारात वाहतं आणि कुणाच्या बादलीच्या तळाशीच राहतं, हे बघितलं की जीव तुटतो. म्हणून शेवटच्या घरापर्यंत पाणी का पोचत नाही ते मॉडेल करून शोधायचं, हे काम मी मागून घेतलं होतं.

मॉडेल ईपानेटमध्ये होतं, म्हणजे पाइपांच्या जाळ्याचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. पाइपची लांबी, व्यास, आतला खडबडीतपणा, प्रत्येक नोडची उंची आणि मागणी, सगळं भरायचं आणि चालवायचं. मागणी मी नेहमीच्या पद्धतीने काढली: माणशी दिवसाला 135 लिटर, गुणिले माणसं, गुणिले दोन दिवस, आणि हे सगळं त्या एका तासात बसवलं. रन दिल्यावर निगेटिव्ह प्रेशरचा इशारा आला आणि शेवटची गल्ली लाल झाली.

उणे 14 हा आकडा निसर्गात असूच शकत नाही. पाइपमधलं प्रेशर हवेच्या दाबाखाली जाऊ शकतं, पण फार तर संपूर्ण निर्वातापर्यंत. समुद्रसपाटीला ती हद्द पाण्याच्या 10.3 मीटर उंचीएवढी आहे. इंदूर साडेपाचशे मीटरवर, म्हणजे इथे सुमारे 9.7. त्याखाली पाणी उरतच नाही, आधीच वाफ होते. तरी सॉफ्टवेअरने उणे 14 बिनदिक्कत लिहिलं, कारण त्याला दिलेला हुकूमच तसा होता: प्रत्येक नोडने आपली मागणी पूर्ण उचललीच आहे असं धर, आणि मग प्रेशर किती उरतं ते सांग. याला मागणीवर चालणारं विश्लेषण म्हणतात. भरपूर प्रेशर असलेल्या जाळ्यात ते ठीक चालतं. प्रेशर तुटपुंजं असेल तिथे मात्र जे पाणी पोचलंच नाही तेही ते पाइपमधून वाहतं आहे असं धरतं आणि त्या न वाहिलेल्या पाण्याच्या घर्षणाचा तोटा मोजत बसतं.

माझी पहिली चूक इथे झाली. ज्या नोडवर प्रेशर उणे, त्याची मागणी मी हाताने शून्य केली. पुन्हा रन. आता त्यांचं प्रेशर वर आलं, म्हणजे तिथे थोडं पाणी जायला हवं. थोडी मागणी परत दिली की पुन्हा उणे. दोन दिवस हेच. मग एमिटर लावून बघितले. एमिटर म्हणजे उघडं भोक, प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पाणी सोडणारं. त्यात टाकीजवळची घरं वाट्टेल तेवढं पाणी ओढू लागली, आणि जिथे प्रेशर उणे गेलं तिथे एमिटर उलटा चालून बाहेरचं पाणी पाइपात घेऊ लागला. मॉडेलमध्ये कुठूनही न आलेलं पाणी!

आमच्या सरांचं म्हणणं होतं की शेवटच्या गल्लीतला 100 मिलिमीटरचा पाइप काढून 150 चा टाका, लाल रंग जाईल. रंग खरंच गेला. पण मला ते पटेना. खोदकाम होणार, रस्ता फुटणार, पैसा जाणार, आणि ज्या आकड्याच्या जोरावर हे सगळं करायचं तो आकडाच अशक्य. मी सरांकडे पंधरा दिवस मागितले. त्यांनी दिले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी त्या गल्लीच्या टोकाला उभी होते. हातात प्रेशर गेज, मोबाइल आणि घरची हिंडालियमची बादली. आदल्या रात्री एक लिटरचं माप पंधरा वेळा ओतून बादलीच्या आत नेलपेंटने रेघ ओढली होती.

शेवटच्या घरातल्या काकू मराठीच निघाल्या, माहेर देवासचं. अंगणात दोन नळ होते. एक भिंतीवर, नेहमीसारखा. दुसरा खड्ड्यात. खड्डा विटांनी बांधलेला, दोन फूट खोल, वर पत्र्याचं झाकण. पितळी नळाच्या मुठीला जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली, हाताला टोचू नये म्हणून. सहाला नळ आले, म्हणजे आधी फुसफुस करत हवा आली, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. गेजचा काटा हललाच नाही. सात किलोपर्यंतचं, म्हणजे सत्तर मीटरपर्यंतचं गेज ते, त्यावर शेकड्यातला एखादा अंश काय दिसणार!

मग बादली लावली. भिंतीवरच्या नळाखाली रेघेपर्यंत भरायला 3 मिनिटं 20 सेकंद. तो बंद करून खड्ड्यातला सोडला, तर 2 मिनिटं 15 सेकंद.

मी तिथेच ओट्यावर बसून गणित केलं. घर एक, कनेक्शन एक, पाइप एक, दोन्ही नळ अर्ध्या इंचाचे. फरक फक्त साठ सेंटिमीटर उंचीचा. पाण्याचा वेग प्रेशरच्या वर्गमुळावर चालतो. 200 सेकंद भागिले 135, म्हणजे 1.48 पट. त्याचा वर्ग 2.19. म्हणजे साठ सेंटिमीटर मिळवल्यावर प्रेशर 2.19 पट होतं, तर मूळ प्रेशर अर्धा मीटर. गेजला जे दिसलं नाही ते दोन नळ आणि एका बादलीने सांगितलं. आजवर केलेल्या मोजमापांत मला याचं सर्वांत जास्त अप्रूप आहे.

टाकीजवळच्या गल्लीत गेज व्यवस्थित 0.8 किलो दाखवत होतं, म्हणजे 8 मीटर. तिथे तीच बादली 50 सेकंदांत भरली. त्या गल्लीत एकाही अंगणात खड्डा नव्हता. कारण उघड आहे: 8 मीटरवर साठ सेंटिमीटर मिळवून जेमतेम चार टक्के पाणी वाढतं, तेवढ्यासाठी कोण खणणार? अर्ध्या मीटरवर मात्र तेच साठ सेंटिमीटर दीडपट पाणी देतात. त्या सकाळी मी वस्तीभर खड्डे मोजत फिरले आणि नकाशावर टिंबं टाकली. कमी प्रेशरचा इतका नेमका नकाशा मला कुठल्याही कचेरीत मिळाला नसता.

या खड्ड्यांची एक बाजू भीती वाटावी अशी आहे. नळ बंद झाले की लाइन रिकामी होते आणि रिकाम्या होणाऱ्या लाइनमध्ये ओढ असते. खड्ड्यात सांडपाणी साचलेलं असेल आणि नळ उघडा राहिला असेल, तर ते पाणी पाइपात खेचलं जातं आणि पुढच्या पाळीला दुसऱ्याच कुणाच्या हंड्यात उतरतं. काकूंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, मी रोज पुसते खड्डा. पण शेजारी पुसतात का, ते मला काय ठाऊक?”

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि पुढचे दहा दिवस मी त्या एका वाक्यामागे होते. “शेवटी शेवटी जोर येतो बघ. पंधरा-वीस मिनिटं. तेव्हाच मी पिंप भरून घेते. पण चावीवाला लवकर बंद करून गेला की संपलं.”

माझ्या मॉडेलमध्ये शेवटी शेवटी काहीच येत नव्हतं. तासभर मागणी एकसारखी, म्हणून प्रेशरही एकसारखं.

आधी बाकीच्या चुका निस्तरल्या. नोडच्या उंच्या मी उपग्रहावरून घेतलेल्या, फुकट मिळणाऱ्या आकड्यांवरून भरल्या होत्या. त्यात दोन-चार मीटरची चूक सहज असते. जिथे प्रेशर चाळीस मीटर आहे तिथे ती खपून जाते. जिथे अख्खं प्रेशरच आठ मीटरचं आणि टोकाला अर्ध्याचं, तिथे तो आकडा निरुपयोगी. एका मैत्रिणीकडून ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (तिच्यातून वाचायची मापाची उभी पट्टी) आणला आणि दोन रविवार चारही गल्ल्यांतून लेव्हल फिरवली. शेवटची गल्ली मी समजत होते त्याहून 2.6 मीटर वर निघाली.

दुसरी गोष्ट चावीवाल्या काकांनी दाखवली, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायला-मिटायला येणाऱ्या काकांनी. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी डांबराखाली अर्धवट बुजलेलं एक झाकण होतं, माझ्या नकाशात नसलेलं. काका चावी लावून म्हणाले, “मैडम, ये वाल्व आधा ही खुलता है. कब से ऐसा है, याद नहीं.” अर्धवट मिटलेला गेट व्हॉल्व्ह, आणि तो नेमका शेवटच्या गल्लीच्या वाटेवर. मी पाइपच्या म्हातारपणाला दोष देऊन खडबडीतपणाचा आकडा बदलत बसले होते, आणि तोटा इथे होता.

आता प्रेशरवर चालणारं विश्लेषण लावलं. त्यात प्रश्न उलटा विचारतात: या प्रेशरला या नोडवर पाणी किती निघेल? ठरवलेल्या प्रेशरच्या वर असेल तर मागणी पूर्ण, शून्याच्या खाली असेल तर काही नाही, आणि मध्ये वर्गमुळाच्या प्रमाणात. मधला हा नियम 1988 मध्ये वॅग्नर, शमीर आणि मार्क्स यांनी मांडला, आणि 2020 मध्ये आलेल्या ईपानेट 2.2 मध्ये तो थेट बसवलेला आहे. पण कॉलेजात आमच्या मॅडमनी हा विषय शिकवताना पहिलं नाव घेतलं होतं ते नागपूरच्या विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेजातल्या प्रा. प्रमोद भावे यांचं. 1981 मध्येच त्यांनी मागणी गृहीत न धरता नोडवर खरोखर किती पाणी निघेल ते शोधण्याची पद्धत मांडली होती. जिथे पाणी पुरत नाही अशा जाळ्यांचा विचार जिथे पाणी पुरत नाही तिथल्या माणसाने आधी केला, याचं मला तेव्हाही बरं वाटलं होतं आणि आजही वाटतं.

ठरवलेलं प्रेशर मी 7 मीटर ठेवलं. 1999 च्या केंद्रीय नियमपुस्तिकेत एकमजली घरासाठी तोच आकडा आहे, दुमजलीला 12, तीनमजलीला 17. रन दिला. उणे आकडे गेले. काकूंच्या नोडवर प्रेशर जवळपास अर्धा मीटर, पाणी मागणीच्या 27 टक्के. भिंतीवरच्या नळाशी हे जुळत होतं. सरांनाही पटलं. काम इथेच थांबवता आलं असतं.

पण ‘शेवटी शेवटी जोर येतो’ हे अजून कुठेच दिसत नव्हतं. आणि दुसरी खोट म्हणजे या पद्धतीत टाकीजवळची घरं मागणीएवढंच पाणी घेऊन शहाण्यासारखी थांबतात. मी डोळ्यांनी बघितलं होतं की ती थांबत नाहीत. चोवीस तास नळ असेल तर माणूस लागेल तेव्हा लागेल तेवढं घेतो. एक दिवसाआड तासभर असेल तर नळ आला की उघडतो, आणि हौद भरेपर्यंत उघडाच राहतो. त्या तासात मागणी म्हणून काही नसतंच. असतं ते प्रेशर, नळाचं तोंड आणि हौदात उरलेली जागा.

तेव्हा मी प्रत्येक नोडला एक छोटी टाकी जोडली. मध्ये एक आखूड पाइप, ज्याचा अडथळा माझ्या बादलीच्या मापांवरून काढलेला. टाकीची मापं घरोघरी विचारून: कुणाचा जमिनीतला हौद, कुणाची छतावरची काळी टाकी, कुणाकडे नुसती पिंपं. पहिल्या दोन गल्ल्यांत सरासरी सहा-सातशे लिटर जागा रिकामी असायची. विचारताना लक्षात आलं की तिथल्या 42 घरांपैकी 17 घरांच्या हौदाला बॉलकॉकच नव्हता, म्हणजे हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता गोळा. हौद भरला की पाणी वरून वाहून अंगणात, अंगणातून गटारात. त्या 17 घरांना मी मॉडेलमध्येही थांबू दिलं नाही. आणखी सहा घरांनी लाइनवर थेट मोटर लावली होती. त्यांना पंप दिले.

त्या रात्री रामबागेतल्या घरी जेवण झाल्यावर रन दिला आणि मिनिटामिनिटाचा आलेख उघडला. काकूंच्या नोडवर पहिली चाळीस मिनिटं रेघ अर्ध्या मीटरवर आडवी पडून होती. मग ज्या घरांना बॉलकॉक होते त्यांचे हौद एकामागून एक भरून बंद होऊ लागले, आणि रेघ उठली. शेवटच्या वीस मिनिटांत तीन मीटर.

मी आईला हाक मारून तो आलेख दाखवला. तिला त्यातलं काही कळण्याचं कारण नव्हतं, पण दाखवल्यावाचून राहवेना.

आलेखावरून लिटर काढले. काकूंच्या खड्ड्यातल्या नळाला पहिल्या चाळीस मिनिटांत मिळून साधारण 265 लिटर, आणि शेवटच्या वीस मिनिटांत 240. जवळपास निम्मं पाणी शेवटच्या तिसऱ्या भागात. आता चावीवाल्या काकांचं बघा. त्यांना सातला दुसऱ्या वस्तीत पोचायचं असतं, म्हणून ते कधी कधी सहा पन्नासला टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतात. टाकीजवळच्या ज्या घरांचे हौद भरलेत त्यांचं या दहा मिनिटांत काहीही जात नाही. काकूंचे 120 लिटर जातात. बरोबर आठ बादल्या. प्रेशरचा नकाशा कितीही रंगीत काढा, त्यात या आठ बादल्या दिसत नाहीत.

या मॉडेलच्याही हद्दी आहेत. ईपानेटला पाइप कायम भरलेले लागतात. नळ येतानाची ती फुसफुस, रिकामी लाइन भरायला लागणारी पहिली पाच-सात मिनिटं, मागाहूनची ओढ, यातलं काही त्याला दाखवता येत नाही. त्यासाठी काही जण पावसाळी गटारांचं सॉफ्टवेअर वापरतात, ज्यात अर्धे रिकामे पाइप चालतात. मी वेळेअभावी घड्याळातून सरळ सात मिनिटं वजा केली आणि अहवालात तसं लिहिलं.

150 मिलिमीटरचा पाइप या नव्या मॉडेलमध्ये घालून बघितला, तर काकूंना मिळणारं पाणी थोडंच वाढलं, कारण वाटेतला व्हॉल्व्ह मिटलेलाच होता. तो व्हॉल्व्ह उघडला आणि पाइप जुनाच ठेवला, तर कितीतरी जास्त वाढलं. त्यावर 17 बॉलकॉक बसवले तर जोर वीस मिनिटं आधी सुरू झाला. सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. अहवालात प्रेशरचा रंगीत नकाशा राहिला, पण त्याच्या शेजारी घरागणिक लिटरचं कोष्टकही आलं, आणि पाइप बदलण्याचं कलम व्हॉल्व्ह बदलून झाल्यावर विचारात घ्यावं असं खाली सरकलं.

व्हॉल्व्ह मे महिन्यात बदलला गेला. बॉलकॉक बसवा असं वरून अजून कुणी सांगितलेलं नाही. मी आणि माझ्याबरोबरच्या दोघींनी घरोघरी जाऊन पाच घरांना बसवायला लावले, बारा बाकी आहेत. मोटरींचा विषय तर अजून काढलेलाच नाही.

काल नळाच्या दिवशी पुन्हा बादली घेऊन गेले. काकूंनी भिंतीवरच्या नळाची गंजलेली मूठ तेल घालून सैल करून ठेवली होती. सहा वाजून दहा मिनिटांनी लावला. 1 मिनिट 40 सेकंद. आधीच्या निम्मा वेळ, म्हणजे चौपट प्रेशर, दोन मीटर. मॉडेल 2.3 म्हणत होतं. हा 0.3 चा फरक तिसऱ्या गल्लीत कुठेतरी असावा. नवीन मोटर किंवा आणखी एखादं डांबराखालचं झाकण. पुढची पाळी उद्या आहे, सहाच्या आधी तिथे पोचायचं आहे.